फाटक पंधरा मिनिटं आधी उघडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर कळेल. वाकडला तुमची बालवाडी आहे, दोन वर्षं झाली, पटावर ४० मुलं. मुलं रमली आहेत. पालक मात्र एकमेकांना ओळखत नाहीत; गाडी चालूच ठेवून मूल आत सोडतात आणि निघतात. दिवाळीत फराळाचा कार्यक्रम ठेवलात तर ११ जण आले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा चांगलंच वाजलं, तेव्हापासून तिथे फक्त ‘ओके ताई’ आणि अंगठे. या घरांमध्ये ओळखपाळख, मैत्री व्हावी म्हणून कोणते उपक्रम घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

मी चिंचवडला २६ वर्षं बालवाडी चालवते आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, अंगणात एक जांभळाचं झाड. पहिली सात-आठ वर्षं मीही उपक्रमच करत होते. आजी-आजोबा दिन, पाककृती स्पर्धा, वेशभूषा, गॅदरिंग. फोटो छान यायचे. पण नंतर ते फोटो नीट पाहिले तेव्हा लक्षात आलं की घोळके दरवेळी तेच आहेत. एका सोसायटीतल्या एकत्र, एका गावाकडच्या एकत्र, आणि यंदाच आलेली एखादी बाई भिंतीला टेकून मोबाइल बघत उभी. कार्यक्रमाला येताना माणूस आपली माणसं घेऊनच येतो आणि त्यांच्याच शेजारी बसतो. त्यामुळे कार्यक्रमांची यादी मी तुम्हाला देणार नाही.

ओळख व्हायला तीच तीच माणसं वरचेवर, थोडा थोडा वेळ, विशेष काही न करता भेटावी लागतात. कट्ट्यावर माणसं जोडली जातात ती अशीच. तिथे कोणी कार्यक्रमपत्रिका छापत नाही. तुमच्या पालकांना एकमेकांसोबत रेंगाळायला जागा आहे का, वेळ आहे का, आणि निमित्त आहे का, हे तीन प्रश्न मी आधी विचारीन. तुमच्या लिहिण्यावरून तिन्हींचं उत्तर ‘नाही’ दिसतंय.

आता, सगळीकडे एकच औषध चालत नाही हेही खरं. तुमच्याकडे पाळणाघर असेल, तर संध्याकाळी सातला येणाऱ्या दमलेल्या आईबापांना थांबवून ठेवणं हा छळ आहे; तिथे सकाळची वेळ धरावी लागेल. पट १५० चा असेल तर सगळ्यांचं एक कुटुंब वगैरे विसरा, वर्गापुरता विचार करा. बहुतेक मुलं व्हॅनने येत असतील तर फाटकाशी पालक दिसणारच नाहीत. त्याबद्दल पुढे लिहिते. बाकी मी सांगते आहे ते तीन-साडेतीन तासांच्या बालवाडीचं, जिथे निदान निम्मे पालक स्वतः ने-आण करतात.

फाटकापासून सुरुवात करू. आमची सुटायची वेळ १२. पूर्वी आम्ही बरोबर १२ ला फाटक उघडायचो. तोवर पालक रस्त्यावर, उन्हात, गाडीवरच बसलेले. हेल्मेटसुद्धा डोक्यावर. हेल्मेट घातलेली दोन माणसं काय गप्पा मारणार? मग एका वर्षी आमच्या रस्त्याचं ड्रेनेजचं काम निघालं. गाड्या लांब लावून चालत यावं लागे. आमच्या मावशींना दया आली आणि त्या मला न विचारताच पावणेबाराला फाटक उघडून सगळ्यांना जांभळाखाली बसवू लागल्या. काम दीड महिना चाललं. ते संपेपर्यंत आया एकमेकींच्या मुलांना नावाने हाका मारायला लागल्या होत्या. माझ्या आठ वर्षांच्या गॅदरिंगांनी जे केलं नव्हतं ते एका खणलेल्या रस्त्याने केलं. तेव्हापासून आमचं फाटक पावणेबारालाच उघडतं.

हळूहळू त्यात भर घालत गेलो. दोन लांब बाक आणले. ते समोरासमोर मांडले तर लग्नाच्या बोलणीला बसल्यासारखं वाटतं, म्हणून काटकोनात ठेवले. माठ ठेवला. सुटल्यावर २० मिनिटं अंगण खुलं ठेवू लागलो. मूल ‘अजून एकदाच’ म्हणत घसरगुंडीवर चढतं आणि आईला थांबावंच लागतं. थांबण्याचा संकोच असतो ना, तो मुलाच्या हट्टाआड लपून जातो. एक गोष्ट मात्र जूनमध्येच स्पष्ट सांगा: सुटल्यानंतर मूल पालकांच्या ताब्यात, ताईंच्या नाही. हे न सांगितल्यामुळे आमच्याकडे एकदा एक मूल रस्त्यावर गेलं होतं. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि त्या वेळात तुम्ही स्वतः बाकाजवळ जाऊ नका. ताई आली की गप्पा थांबतात आणि ‘आमचा वर्गात कसा करतो?’ सुरू होतं. मी त्या वेळी आत कपाट आवरत बसते. खिडकीतून ऐकते मात्र सगळं.

दुसरी जागा म्हणजे जूनचे पहिले दिवस. इथे मी वर्षानुवर्षं चूक केली, म्हणून जरा सविस्तर सांगते. मूल रडायला लागलं की आम्ही आईला म्हणायचो, ‘तुम्ही निघा, रडू दे, दोन दिवसांत गप्प होईल.’ मूल होईही गप्प. पण दार बंद झाल्यावर ती आई बाहेर एकटी डोळे पुसत उभी असायची, आणि तिच्यापासून चार पावलांवर आणखी तिघी तशाच. त्या वर्षभरात त्यांना एकमेकींची गरज जेवढी त्या आठवड्यात होती तेवढी पुन्हा कधीच नव्हती. आणि आम्ही नेमकं तेव्हाच त्यांना घरी पाठवत होतो.

आता नव्या मुलांची आई, आजी किंवा बाबा, जे कोणी येईल ते, पहिले पाच दिवस पडवीत बसतात. मूल वर्गात असतं, वाटलं की बाहेर येऊन आईला हात लावून परत जातं. ज्या वर्षी हे सुरू केलं त्या वर्षी पडवीत स्मशानशांतता होती. सगळ्यांचे कान आत. एकाचं रडं ऐकू आलं की सहाही जणी उठून उभ्या. पुढच्या वर्षी मी त्यांच्यापुढे जुन्या सुती साड्यांचा ढीग, सुया आणि दोरा ठेवला. म्हटलं, गोष्टींच्या कोपऱ्यासाठी गोधडी हवी आहे, जमेल तेवढं घाला टाके. हाताला काम मिळालं की माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि मग तोंड उघडतं.

त्या वर्षीच्या आयांत एक बीडची होती आणि एक बिहारमधल्या मुझफ्फरपूरची. एकीचं हिंदी मोडकं, दुसरीला मराठी अजिबात नाही. पहिला दिवस दोघी मुक्या. दुसऱ्या दिवशी मुझफ्फरपूरच्या बाईने साड्यांचे थर लावायची वेगळी रीत दाखवली, म्हणाली, आमच्याकडे याला सुजनी म्हणतात, बाळासाठी जुन्या साड्यांचीच करतात. बीडच्या बाईने तिच्या हातातून सुई घेतली आणि आपला टाका घालून दाखवला. तिथून ज्या सुरू झाल्या त्या पाचव्या दिवशी मुलं रमली तरी घरी जाईनात. ती गोधडी अजून आहे. एका बाजूला टाके सरळ, एका बाजूला भलतेच. मुलं त्या भलत्या बाजूवर बसण्यासाठी भांडतात.

गोधडी नको असेल तर चिंचोके निवडणं, चित्रकार्डं कापणं, मणी ओवणं, काहीही चालेल. फक्त काम खरं असावं. पालकांना गुंतवण्यासाठी काढलेलं खोटं काम त्यांना लगेच ओळखू येतं.

त्याच आठवड्यात आम्ही प्रत्येक नव्या घराला एक जुनं घर जोडून देतो, शक्यतो त्याच गल्लीतलं. दोघांना आधी विचारूनच फोन नंबर द्यायचा. जुन्या घराचं काम अगदी बारीक: रेनकोट कुठे स्वस्त मिळतो, डब्याला काय नेलं तर परत येत नाही, व्हॅनकाका किती वाजता हॉर्न देतात. बारीक गोष्ट विचारायला संकोच वाटत नाही, आणि एकदा विचारली की दुसऱ्यांदा मोठी गोष्ट विचारता येते.

बाबांचं वेगळं आहे. पालकसभा म्हटली की ते आईला पाठवतात. ‘रविवारी सकाळी आठला वाळूचा हौद भरायचा आहे, घरी फावडं असेल तर आणा’ असं म्हटलं की येतात. आमच्या भागात कारखान्यांत शिफ्टला जाणारे बाबा खूप; पाना, स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला माणूस चांगला बोलतो, खुर्चीत बसवलेला बोलत नाही. इटलीत रेज्जो एमिलियाजवळ व्हिला चेल्ला नावाचं खेडं आहे. १९४५ साली, महायुद्ध संपल्या संपल्या, तिथल्या लोकांनी माघार घेतलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांत स्वतःच्या हातांनी बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हा शिक्षक ते ऐकून सायकलने तिथे पोचला आणि आज जगभर नावाजलेली बालशिक्षणाची रेज्जो पद्धत तिथून वाढली. आपल्याला रणगाडा कुठून मिळणार! पण झोपाळ्याची कुरकुरणारी कडी तर आहे. ती तुम्ही सुताराकडून दुरुस्त करून घेतलीत तर शंभर-दोनशे रुपयांत काम होईल आणि दोन बाबांची ओळख व्हायची राहून जाईल.

खाण्याबद्दल सावध राहा. ‘प्रत्येकाने एक पदार्थ आणा’ हे ऐकायला साधं वाटतं. आम्ही अंगतपंगत ठेवली तेव्हा तिसऱ्या खेपेपर्यंत ती पाककलेची स्पर्धा झाली होती. कोणी पास्ता, कोणी बाहेरून मागवलेले कपकेक, आणि एका आईने आणलेला साधा फोडणीचा भात तिच्या डब्यात तसाच राहिला. कोणी काही बोललं नाही. ती पुढच्या वेळी आली नाही, आणि मला कारण विचारायची हिंमत झाली नाही. आता आम्ही भेळ करतो. चिठ्ठ्या काढायच्या: कोणाला दोन कांदे, कोणाला मूठभर कोथिंबीर, कोणाला चुरमुरे, कोणाला घरची चिंचेची चटणी. चिरायचं इथेच, पडवीत बसून. कोणी काय आणलं हे दहा मिनिटांनी कोणालाच सांगता येत नाही. वर्गणीही काढत नाही. ५० रुपयेसुद्धा काही घरांना मागायला लावू नयेत, आणि न देणाऱ्याचं नाव कोणाच्या तरी वहीत राहतंच.

सणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारलं असतंत. आम्ही दर संक्रांतीला हळदीकुंकू करायचो, मोठ्या हौसेने. एका वर्षी एक आई फाटकापर्यंत आली, मुलीला आत सोडलं आणि ‘मी बाहेर थांबते ताई’ म्हणाली. तिचा नवरा ऑगस्टमध्ये गेला होता, हे मला ठाऊक होतं. तरी आमंत्रण छापताना माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिला हात धरून आत नेलं, पण आत नेल्यावर काय करायचं हे मलाही समजेना. पुढच्या वर्षीपासून हळदीकुंकू बंद केलं आणि बोरन्हाण ठेवलं. सगळ्या मुलांना एका मोठ्या चादरीवर बसवायचं, वरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हलवा. कुंकवाचा प्रश्नच नाही, मुसलमान आणि उत्तर भारतीय घरंही मजेत येतात, कारण आधी विचारतो आणि काय करणार ते सांगतो. लुटणारी मुलं, ओतणाऱ्या आज्या. बोरं आणि हलवा मात्र लहान मुलांच्या घशात अडकू शकतात; धाकट्यांसाठी ते बाजूला ठेवा. त्यांना चुरमुरे पुरतात.

आता ग्रुपवरच्या भांडणाचं. तुम्ही कारण लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज, कोणी तरी कोणाला तरी मारलं किंवा चावलं. आमच्याकडे तेच झालं होतं. दोन-अडीच वर्षांचं मूल शब्द अपुरे पडले की चावतं, यात नवल नाही. पण दंडावरच्या वळाचा फोटो ग्रुपवर आला आणि खाली ‘कोण आहे तो मुलगा?’ तासाभरात ४० पालकांना त्या मुलाचं नाव माहीत. त्याची आई आठवडाभर फाटकाशी मान खाली घालून येत होती.

त्यानंतर तीन नियम केले. सूचनांच्या ग्रुपवर फक्त आम्ही लिहितो. चावणं, मारणं, पडणं हे त्याच दिवशी दोन्ही घरांना वेगवेगळं आणि तोंडी कळवतो, दुसऱ्या मुलाचं नाव न घेता. यांतल्या कोणत्याही घरी ते आमच्या आधी ग्रुपवरून कळलं, तर चूक आमची. आणि पालकांना आपसात गप्पांचा ग्रुप करायचा असेल तर खुशाल करावा, पण मी त्यात नसेन. मी असले की तो तक्रारपेटी होतो. नाव एकदा फुटलंच असेल, तर चावणाऱ्याच्या आईला एकटी पडू देऊ नका. मी त्या वेळी एका जुन्या आईला एवढंच म्हटलं होतं, ‘तुमचा थोरला काय काय करायचा ते आठवतंय का?’ ती हसली. दुसऱ्या दिवशी बाकावर तिने आपल्या थोरल्याचे प्रताप मोठ्याने सांगितले. मग आणखी दोघींना आपापले आठवले.

व्हॅनवाल्या आणि दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरांसाठी अंगणच उचलून न्यावं लागतं. ही कल्पना माझी नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा वस्त्या-पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तर त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तो देशभर गेला. आम्ही महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी खेळण्यांची एक टोपली घेऊन एखाद्या सोसायटीच्या बागेत किंवा चाळीच्या चौकात जाऊन बसतो. निरोप फक्त त्या भागातल्या सात-आठ घरांना. भाषण नाही, माइक नाही. मुलं खेळतात, मोठे उभे राहतात, मग पायऱ्यांवर बसतात. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा एकमेकांना औषधं आणि दूध पोचवणारी घरं बहुतेक याच सात-आठांच्या गटांतली होती. आमच्या मोठ्या ग्रुपवर त्या काळात नुसते फॉरवर्ड फिरत होते.

सगळ्यांची सगळ्यांशी मैत्री होणार नाही, तशी अपेक्षाही धरू नका. काही आयांना ते पंधरा मिनिटं कोणाशीही न बोलता नुसतं झाडाखाली बसायचं असतं. घरी त्यांना तेवढंही मिळत नसेल. त्यांना कोणाशी जोडून देण्याचा खटाटोप मी करत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की यासाठी वेळ कुठून काढायचा, शिक्षिका दोनच आहेत. एक वर्ष गॅदरिंग करू नका. भाड्याचे पोशाख, ध्वनिवर्धक, दीड महिना तालमी, रडणारी मुलं: ते सगळं वजा केलंत की वेळ निघतो. पालक विचारतील. आमच्याकडेही विचारलं, दोन घरांनी तर त्यावरून मुलांची नावंही काढून घेतली. भेळेच्या दिवशी मुलांनी येतील ती गाणी अंगणात म्हटली, तेवढ्यावर बाकीच्यांचं समाधान झालं.

एवढं करून काही उपयोग झाला का, हे कळायला माझ्याकडे एकच साधन आहे. प्रवेशाच्या अर्जावर ‘आम्ही फोन उचलला नाही तर कोणाला करावा?’ असा रकाना आहे. जूनमध्ये तिथे लातूरचे मामा असतात, नागपूरची आजी असते, कित्येकदा तो कोराच असतो. फेब्रुवारीत मी तोच रकाना पुन्हा भरून घेते, आणि त्यात वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या आईचं किंवा बाबांचं नाव किती ठिकाणी आलं ते मोजते. पहिल्या वर्षी फारशी नावं येत नाहीत, तेव्हा निराश होऊ नका. यंदा एकीने मुझफ्फरपूरचा नंबर खोडून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईचा लिहिला, आणि शेजारी बारीक अक्षरांत: आधी हिलाच करा, मी मीटिंगमध्ये असते.